रुखवतातली चष्मेवाली बाहुली

न्हावरे,
मंगळवार, आखाड संपत आला

तीर्थस्वरूप अक्काच्या पायावर रोहिदासचं डोकं (पाय मागं घेऊ नको, आधी पत्र पुरं वाच).

इकडं आम्ही सगळी खुशाल हाय. तुझा उजवा गुडघा कसा हाय? दाजींचा खोकला थांबला का, का अजून तंबाखूवरच दिवस ढकलत्यात? भांडगावाकडं पाऊस बरा झाला म्हंत्यात, खरं का? पत्रास कारण की, फोनला काही कारण उरलं न्हाई. मी फोन लावला की तू राँग नंबर म्हणून ठेवून देतीस. परवा तर तू म्हणालीस की आमच्यात रोहिदास नावाचं कुणी न्हाईच. तवा तुझी भावजय माझ्या शेजारी उभी होती, आन् तिच्या तोंडावर जो आनंद झाला तो मला बघवला न्हाई. म्हणून लई वर्षांनी पोस्टाची पायरी चढतोय.

अक्का, चुकलो. तुझी हर्षदा, माझी एकुलती एक भाची, लग्नाला तीन महिनं होत आलं तरी माहेराला आली न्हाई. आखाडात नव्या पोरी माहेरी येत्यात, तिची सासू पाठवीना. आता पंचमी आली, तरी पाठवीना. आन् हे सगळं कशापायी, तर माझ्या वीतभर बाहुलीपायी. जगात मामा लोकांनी भाच्यांचं काय काय नुकसान केलं असल, पण चिंध्या आन् कापूस घेऊन एवढं नुकसान करणारा मीच पहिला.

तुला ठाऊक हाय, मी कुणाचं वाईट चिंतून बाहुल्या करत न्हाई. शाळेचं गणवेश शिवायचं काम गेलं (आता पोरांचं कपडं तयार पिशवीतनं येत्यात, चड्डी ढिली असली तरी पिशवी कशी चकचकीत), तवापासनं बारा वर्षं झाली, मी चिंध्यांतच बसलोय. सकाळी चहा झाला की ओसरीवर पोतं टाकायचं, जुनी लुगडी, अस्तरं, बटणं घेऊन बसायचं, आन् हाताला वाटंल ते करायचं. कधी गॉगल घातलेली म्हैस तयार होती, कधी खाटेवर पालथा झोपलेला फौजदार. येणारी-जाणारी इचारत्यात, काय रोहिदासशेठ, आज कोण जन्माला आलं? तुझी भावजय म्हंती, पाव्हणा आला की आधी म्हशीला उठवावं लागतं, मग पाव्हण्याला बसवता येतं. डोळं मात्र मी सगळ्यात शेवटी लावतो. आधी लावलं की बाहुली बघाया लागती, आन् मग तिच्या पोटात कापूस कोंबताना मला कसंतरीच होतं. असा मी माणूस, अक्का. मी कुणाच्या विहिणीच्या वाटंला कशाला जाईन?

पण माझी जीभ! लग्न ठरलं तवा तू भाड्याचं रुखवत ठरवलं होतंस. थर्माकोलचं देऊळ, रंगवलेलं नारळ, आन् बटण दाबलं की गरागरा फिरणारी नवरा-नवरी. किती चांगलं होतं ते! फिरून फिरून बंद पडलं असतं, पण कुणी रुसलं नसतं. मीच आडवा आलो. मामा जिता असताना भाचीचं रुखवत भाड्यानं आणायचं का, असं चारचौघांत छाती फुगवून बोललो (त्या वेळी लई बरं वाटलं होतं). मग दीड महिना खपून अकरा बाहुल्या केल्या, सगळं वऱ्हाडच. शेळीवर बसून आलेला नवरदेव, घड्याळाकडं बघत मंगलाष्टका म्हणणारं भटजी, आहेराचं पाकीट उजेडाला धरून बघणारा पाव्हणा. आन् त्यात ती एक. अंगानं भरलेली बाई, एक हात कमरेवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आन् दुसऱ्या हातानं पातेल्याचं झाकण उचलून आत बुंदी किती उरली ते बघती.

कार्यालयात टेबलावर मांडामांड झाली, बायका गोळा झाल्या, आन् तेवढ्यात कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "अगं बया, ह्या तर विहीणबाई!" झालं. सरूबाई, म्हंजी आपल्या हर्षदाची सासू, त्यांचाबी चष्मा नाकावरच असतो, हे माझं फुटकं नशीब. हसण्याची अशी लाट उठली की बँडवाल्यानं वाजवायचं थांबवलं. कुणीतरी फोटो काढला, कुणीतरी स्टेटसला लावला, आन् भटजींचं शेवटचं सावधान व्हायच्या आत त्यांच्या गावात, पाबळात, घराघरात बघून झाला. सरूबाईंना तो त्यांच्या जावंनं दाखवला. त्या दोघींचा बांधावरनं सहा वर्षं अबोला हाय, पण फोटो दाखवायपुरता जावंनं तो मोडला, आन् दाखवून झाल्यावर पुन्हा धरला. मग विहिणीच्या पंगतीत काय झालं ते तुला मी सांगायला नको. ताटाभोवती रांगोळी काढलेली, तू आपल्या हातानं जिलेबी वाढलेली, आन् त्या माउलीनं घास न उचलता ताटावरनं उठावं! तू माझ्याकडं जे बघितलंस, ते अजून माझ्या पाठीत रुतून बसलंय.

तरी अक्का, खरी चूक ती न्हाई. खरी चूक मी आजवर कुणाला सांगितली न्हाई, तुझ्या भावजयीलाबी न्हाई (तिला सांगितली की ती दर जेवणाला वाढली जाईल). सगळी हसत होती तवा एक म्हातारा माझ्याजवळ येऊन म्हणाला, रोहिदास, हुबेहूब केलंस रं! आन् मी हात जोडलं. बारा वर्षांत मला हुबेहूब कुणी म्हणालं नव्हतं. लोकं माझ्या शेळीला कुत्रं म्हंत्यात आन् फौजदाराला उशी. त्या एका शब्दावर मी इकलो गेलो. न्हाई हो, ही त्या न्हाईत, एवढंच म्हणायचं होतं, पण मी मान झुकवून, ओठ दाबून, मोठा कलावंत असल्यागत हात जोडलं. आन् तेवढ्यात सरूबाईंनी मला बघितलं. लाज वाटती, अक्का. लिहिताना सुद्धा वाटती.

ती चूक निस्तरावी म्हणून गेल्या आठवड्यात सोमवारी मी मुराळी होऊन पाबळला गेलो, पंचमीला पोरीला घेऊन येतो म्हणून. तुला इचारलं न्हाई, हा आगाऊपणाच. (हर्षदाला भाऊ न्हाई, दाजींना दोन खोकल्यांच्या मधी एकच शब्द बोलता येतो, मग मामाशिवाय कोण ऱ्हायलं?) शिक्रापूरला गाडी बदलून, डब्यात एक नवी बाहुली घेऊन गेलो. खास सरूबाईंची. हिरवी पैठणी, बारीक अंग, हसरं तोंड, चष्मा न्हाई, वयानं वीस वर्षं कमी. म्हटलं, बघून विरघळतील. त्यांनी हातात घेतली, वळवून वळवून बघितली, जरा हसल्यागत वाटलं. आन् मग त्यांचं मालक पोपटराव, देव माणूस, कौतुकानं म्हणालं, अरं वा, ही तर आपल्या धाकट्याची बायको!

म्हंजी तीच जाऊ, अक्का. मी त्या बाईला आयुष्यात धड बघितलेलं न्हाई. पण बारीक, हसरी, बिनचष्म्याची असं त्या घरात दुसरं कुणी नसावं. सरूबाईंनी बाहुली गपचूप फळीवर ठेवली, तोंड भिंतीकडं करून. मला चहा मिळाला, नेमका कान तुटलेल्या कपात. हर्षदा पिशवी भरून दारात उभी होती, केसात गजरा होता. सरूबाई म्हणाल्या, पंचमी काय दरसाल येतीच. पोरीनं पिशवी उचलून आत नेली, परत बाहेर आली आन् मला म्हणाली, मामा, सावकाश जा. तिला तिथं तरास न्हाई, तिचा नवरा सत्यजीत गुणाचा पोरगा हाय. पण त्या सावकाश जाण्यानं मला गाडीत रडू फुटलं, आन् शेजारच्या माणसानं उठून मला खिडकी दिली.

तवापासनं सुई हातात धरवत न्हाई. ओसरीवर चार बाहुल्या बिनडोळ्यांच्या पडल्यात. हे सगळं माझ्या हातनं झालं, तुझा यात तिळमात्र दोष न्हाई. दाजींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा नालायक धाकटा,
रोहिदास

ता. क. तिळमात्र दोष न्हाई असं वर लिहिलं ते तुझ्या मानासाठी. पाकीट अजून चिकटवलं न्हाई, तवा खरं लिहून टाकतो. ती बाहुली सरूबाईंची न्हाईच. ती तुझी हाय. आन् "ह्या तर विहीणबाई" म्हणणारं ते कुणीतरी, तेबी तूच. फोटो चांगलं यावं म्हणून तू सकाळपासनं चष्मा पर्समधी ठेवला होतास, म्हणून तू कुणालाच ओळखू आली न्हाईस, तुझी तुलाबी न्हाई. मी तिथंच ओरडायला पायजे होतं. पण आई गेल्यापासनं तुला एवढं पोट धरून हसताना मी बघितलं नव्हतं, मला ते मोडवलं न्हाई. आता रागावशील, पण ऐक. आईमागं आपण दोघं कुणाच्याबी लग्नात जेवायला गेलो की तू आधी आचाऱ्याचं पातेलं उघडून बघायचीस, शेवटच्या पंगतीला रोहिदासपुरतं उरतंय का न्हाई ते. मला ते करायचं होतं. लोकांना त्यात हावरी बाई दिसली. तुझा कमरेवरचा हात मला जमला, मनातलं काही जमलं न्हाई. एवढाच मी कारागीर.

ता. क. दुसरा. हे सगळं मी शनिवारी पुन्हा पाबळला जाऊन सरूबाईंना सांगितलं. त्यांना पटत न्हाई. म्हणाल्या, सख्ख्या बहिणीचं असं कुणी करतं का, मला दाखवा. फोटो दाखवायला गेलो तर लग्नाच्या एकूणएक फोटोत तू बिनचष्म्याची. तवा येत्या रविवारी त्या सोता जीप करून भांडगावला येत्यात. हर्षदा संगट हाय. पटलं तर पोरगी पंचमी होईस्तवर तुझ्याकडं ठेवणार, न्हाई पटलं तर तिला गाडीतनं उतरूबी देणार न्हाईत. मी डायवरशेजारी बसून येतोय. तुला कसलंच नाटक करायला सांगत न्हाई, हे पत्र वाचून तुझं डोकं फिरलंच असल, तेवढं पुरं हाय; रागात तुझा हात आपसूक कमरेवर जातोच. फक्त गाडीचा आवाज आला की चष्मा लावून दारात ये, आन् माझ्या नावानं जे काही साठलं असल ते मोठ्यानं बाहेर काढ, सरूबाईंना जरा कमी ऐकू येतं. आन् अक्का, हर्षदाचं दोन्ही पाय जमिनीला लागोस्तवर थांबू नको.