रांजणाला कुलूप

१७ एप्रिल १९४४, सकाळ.
साखरेला कंट्रोल, रॉकेलला कंट्रोल, कापडाला कंट्रोल (आम्हा शिवणकाम करणाऱ्यांचे हाल कुत्रा खाईना). मग पाण्यालाच का नाही? सुप्याच्या आडाचा तळ दिसायला लागला, आणि आमच्या घरात तांब्यावर तांबे ओततात. लेक मुबारकबी पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलीय. बायको हाजराबी म्हणते, पानी लई लागंल, दुसरा रांजण आना. मी म्हणालो, रांजण कशाला? थोडी अक्कल लावू. नातवंडाची पहिली आंघोळ मी वाचवलेल्या पाण्याने होईल, हा माझा शब्द. हाजराबी हंडा उचलून आडावर गेली. पटलं असावं.

१८ एप्रिल.
रांजण कट्ट्यात बसवलेला आहे. झाकणावरून लोखंडी पट्टी घातली आणि दुकानाचं जुनं कुलूप ठोकलं. किल्ली टेपच्या टोकाला बांधली. टेप तर गळ्यात कायमच असतो.
माणशी रेशन ठरवलं. नमाजाआधी हातपाय धुतात त्या वुजूलासुद्धा. मौलवीसाहेब सांगतातच, नदीकाठी बसलात तरी पाणी उधळू नका. चहा रेशनमध्ये धरलेला नाही. मशीनवर बसणाऱ्याला तो लागतोच, ती काही चैन नव्हे.
हाजराबी म्हणाली, कुलूप लावायला त्यात काय तूप भरलंय का? बायकांचा विनोद. दुर्लक्ष केलं.

२० एप्रिल.
रांजणात टेप सोडून मोजलं. पाणी जेमतेम बोटभर उतरलंय! तेही माझ्याच तांब्याने. किल्ली मागायला कुणी फिरकलं नाही. शिस्त म्हणतात ती ही.

२३ एप्रिल.
हाजराबी पहाटेच हंडा घेऊन आडावर जाते, पण हंडा घरात येत नाही. रांजण भरायची गरजच उरली नाही, तर आणेल कशाला? चार बायकांत बोलायला जात असेल. हंडा आपला सवयीने.
शेजारी गोजरबाईकडे मात्र नुसती उधळपट्टी. भिंतीपलीकडून सारखा पाण्याचा आवाज, आणि हसण्याचा. एक हसणं आमच्या मुबारकबीसारखं वाटलं. पण तिला उठणं-बसणं जड, ती कशाला जाईल?
गोजरबाईच्या नवऱ्याला, कानिफनाथला, चारचौघांत माझी स्कीम समजावली. तो म्हणाला, बाबाजानभाऊ, आमच्यात हल्ली दोन मानसं वाढल्यात, पानी लागायचंच. पाहुणे आले असतील. कोण ते विचारलं नाही. लोकांच्या घरात नाक खुपसू नये.

२७ एप्रिल, दुपार.
आमचे कपडे गोजरबाईच्या दोरीवर. तिकडे ऊन चांगलं येतं.
चहा रोज वेळेवर मिळतो. आज विचारलं, पाणी कुठलं? हाजराबी म्हणाली, तुमीच म्हनला न्हवं, च्या रेशनात धरत न्हाई? नियम तोंडपाठ आहेत तिला. बरं वाटलं.
रांजणाच्या पाण्याला थोडा वास येतो. मातीचा असावा. तब्येतीला चांगलाच.

२ मे.
तांब्यात बारीक काहीतरी वळवळत होतं. फडक्याने गाळून प्यायलो. सुरुवातीला अशा किरकोळ अडचणी येणारच. मुख्य गोष्ट ही की रांजण अजून भरलेला आहे आणि दिवस जवळ आलेत. आंघोळीचं पाणी काढताना सगळ्यांसमोर कुलूप उघडायचं. टेप धुऊन ठेवला.

५ मे, सकाळ.
मुबारकबीला कळा सुरू झाल्या. सुईण राहीबाई आली ती सरळ गोजरबाईच्या दारात शिरली. मी ओरडलो, अगं, घर इकडं आहे! म्हणाली, घर तिकडं आसंल, पोरगी आन् पानी हिकडं हाय.

त्याच दिवशी, दुपार.
कुलूप उघडलं. बघायला कुणी नव्हतं. हंडा भरला, दोनदा गाळला, शेजारी नेला. गोजरबाई उंबऱ्यातच उभी. हंड्यात डोकावली आणि म्हणाली, भाऊ, ह्ये म्हशीम्होरं ठिवा. बाळ न्हाऊन झोपलंबी. तुमच्या बाईनं आडावरनं आनून हितं भरून ठिवलं हुतं. नात झाली तुमाला.
म्हशीपुढे ठेवला. म्हशीने वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

६ मे.
हाजराबीने आपणहून किल्ली मागितली! उशिरा का होईना, पाण्याची किंमत कळली म्हणायची. मोठ्या मनाने दिली आणि मागोमाग शेजारी गेलो. तिने किल्ली नातीच्या उशीखाली सारली. तान्ह्या बाळाजवळ लोखंड असावं, म्हणजे नजर लागत नाही. म्हणाली, कात्री तुमाला कामाला लागती. किल्ली कुनालाच लागत न्हाई.
नात अगदी हाजराबीवर गेलीय. डोळे मिटूनही रागावल्यासारखी दिसते.
उद्या कानिफनाथची बैलगाडी घेऊन दुसरा रांजण आणायचा. झाकण कुंभाराकडचं साधंच.
निघताना गोजरबाईने न मागता तांब्या पुढे केला. गार, गोड पाणी. एका दमात संपवला. दुसरा मागून घेतला.