कापणीच्या गीताची चाल

मालक, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमच्यावर रागावलेलं आता कोणी शिल्लक नाही. गावच्या ख्रिस्ती मंडळीने तुमच्याविषयी देवळाच्या स्मरणिकेत अर्धं पान लिहायला सांगितलं. मी ते लगेच लिहून दिलं: देवळासाठी शेताचा कोपरा दिला, छपराची टिनं आणली, पाळक नसताना उपासना चालू ठेवली. सगळं खरं आहे. पण ते वाचून तुम्ही म्हणाला असता, "हा कोन बाप्पा? मी तं याले ओळखत नाही." म्हणून हे वेगळं लिहिते आहे.

मी अमरावतीला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. बाबा तुमचे दिवाणजी, आणि माझ्या होस्टेलला लागणारी ज्वारी तुमच्या खळ्यावरून यायची. तिथल्या मोठ्या देवळात मी आपलं कापणीचं गीत ऐकलं आणि शरमेने लाल झाले. तिसऱ्या ओळीत सूर खाली उतरतो. आपल्या गावात तो वर चढायचा, कारण तुम्ही चढवायचे. शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर गड्याला हाक मारावी तसा तुमचा आवाज, आणि त्याच्यामागे सारं गाव. त्या वर्षी कापणीच्या सणाला अमरावतीचे पाळकसाहेब गायकवृंद घेऊन येणार होते. आदल्या दिवशी दुपारी गावच्या देवळात सराव चालला होता; सुट्टीत घरी आलेली मी पेटीवर होते. दाराला ज्वारीची ताटं बांधून झाली होती, बायका सतरंजीवर बसल्या होत्या. तुम्ही तिसरी ओळ चढवलीत आणि मी पेटी थांबवली. "मालक, तुम्ही उद्या गाऊ नका. तुमची चाल चुकीची आहे." चार माणसांदेखत, एकोणीस वर्षांच्या मुलीने. तुम्ही टोपी उचललीत, दाराशी वहाणा घातल्यात आणि निघून गेलात.

घरी बाबांनी जेवणाचं ताट सरकवलं. "ज्याची ज्वारी खाऊन शिकून राहिली, त्यालेच गाऊ नको म्हनतं? उद्या त्यानं मले घरी बसवलं तं तुयं कॉलेज कोन करन?" मी म्हटलं, "चाल चुकीचीच आहे." खरं सांगते, माफी मागायला तुमच्या दारापर्यंत जावं असंही वाटलं होतं. पण चूक तुमची, मग माफी माझी का? त्या वयात मी अशी होते. फार बदलले आहे असं नाही.

दुसऱ्या दिवशी देऊळ भरलं आहे. वेदीपुढे भोपळे, तुरीच्या शेंगा, पहिल्या वेचणीच्या कापसाचा ढीग. पाहुणे पुढे बसले आहेत. मी पेटीवर सूर धरते. कोणीच गात नाही. पुन्हा धरते. पाहुण्यांचा गायकवृंद दोन ओळी गाऊन गोंधळून थांबतो. गावाला सुरुवात कुठून करायची तेच ठाऊक नाही, कारण ती नेहमी तुमच्या तोंडून व्हायची. तुम्ही मांडी घालून, ओठ घट्ट मिटून बसला आहात. बायकांच्या बाजूने एक म्हातारी ओरडते, "काहून हो मालक, घसा बसला का?" तुम्ही माझ्याकडे बोट करता. "मास्तरीनबाई हो म्हनतीन तं गातो." सारं देऊळ हसतं. बाबा खाली मान घालून सतरंजीचा दोरा उसवत आहेत. मी होकाराची मान डोलावते. तुम्ही सुरू करता, तिसऱ्या ओळीला उडी मारता, गाव तुमच्यामागून उडी मारतं, आणि अमरावतीचा गायकवृंद खालीच राहून जातो. पाळकसाहेबांनी डोळे पुसले ते भक्तीने की हसून, मी विचारलं नाही.

सोमवारी तुम्ही स्वतः आमच्या घरी आलात आणि पेटीसमोर जमिनीवर बसलात. बाबा खुर्ची घेऊन धावले, तर त्यांनाच त्या खुर्चीवर बसवलंत. मला म्हणालात, "हे चाल मी अकोल्यात आयकली होती. दमणीत घोकत आलो. रस्त्यात बैल उधळले तं अर्धी सांडली. आता तू शिकव मले." सुट्टी संपेपर्यंत रोज शिकवलं. मी ओरडायचे, "खाली, मालक, खाली!" तुम्ही निमूट ऐकायचे आणि पुन्हा वर जायचे. इतका मन लावून शिकणारा आणि इतका ढ विद्यार्थी मला पुढच्या तीस वर्षांच्या नोकरीत भेटला नाही. मी निघाले तेव्हा ज्वारीचं पोतं माझ्याआधी एसटीच्या टपावर चढलं होतं. माफी मागायची तेवढी राहून गेली. तुम्ही ती मागायला जागाच ठेवली नाहीत.

आता मी अमरावतीतच, राजापेठेत राहते. दरवर्षी सणाच्या आठवडाभर आधी गावी जाते आणि मुलींचा सराव घेते. कडक घेते, त्या मला घाबरतात. परवा एकीने मोबाइलवर ते गीत लावून दाखवलं. "बाई, यात तिसरी ओळ खाली जाते." मी म्हटलं, "त्यांचं चुकलं असेल. वर घे." बिचारीने घेतली. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून लिहिते: तिला खोटं सांगितलं, आणि मला जराही वाईट वाटलं नाही.