शामला आत्याची उलटी झूल

महू, २ सप्टेंबर २०२५

ती. शामला आत्यास,
अश्लेषाचा सा. न. वि. वि.

फोन लागत नाही म्हणून घाबरू नकोस. तो मीच हॉस्टेलच्या वॉर्डन मंदाताईंच्या कपाटात ठेवायला दिलाय, परीक्षा होईपर्यंत. बाबांना सांगितलं, तुला सांगायची हिंमत होत नव्हती. मी व्हेटर्नरीच्या ॲनाटॉमीत नापास झाले. लेखीत मार्क चांगले आहेत गं. पण तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं की गायीचं यकृत कुठल्या बाजूला असतं, आणि माझी बोलतीच बंद! येत होतं, तरी शब्द फुटला नाही. चार ऑक्टोबरला पुन्हा तोंडी आहे. तीही गेली तर वर्ष गेलं.

साधनांची कमी नाही. व्हिडिओ पाहून झाले, सीनियर्सच्या नोट्स आहेत, रंगीत कार्डं आहेत, माझी रूममेट निधी हिनं भिंतभर तक्ते लावलेत. पण ही सगळी गपचूप वाचायची साधनं. तुला काही सुचतं का?

ब्लाउजच्या गिऱ्हाइकांना यातलं काही सांगू नकोस. तुझी माया आहेच, ती या महिन्यात जरा जास्त पाठव.

तुझी,
अश्लेषा


शिंदे की छावनी, ग्वाल्हेर
९ सप्टेंबर

चि. अश्लेषास,
शामला आत्याचे अ. उ. आ.

आधी रागावले. मग तुझं ते घाबरलेलं अक्षर पाहिलं आणि राग गेला. सिटी सेंटरला तीन दुकानं हिंडले. एकाकडे माणसाचा सांगाडा होता. गायीचा मागितला तर म्हणाला की मॅडम, गाय तर बाहेर सडकेवरच उभी आहे, घेऊन जा. मेल्यानं चेष्टा केली, पण मला त्यातूनच सुचलं.

सोबत पार्सल आहे. गायीच्या पाठीवर टाकायची झूल शिवलीय, तू इथे ठेवून गेलेल्या पुस्तकातली चित्रं पाहून. पोटाचे कप्पे हिरव्या खणाचे, यकृत मरून रंगाच्या ब्लाउजपीसचं, आतडी पायपिंगची. सगळं बटणांवर आहे, काढता-लावता येतं. मापासाठी किला गेटला दौलतसिंहांच्या गोठ्यात गेले. मी टेप लावायला लागले तर म्हणतात की बाईजी, आता हिचाही ब्लाउज शिवणार का? गाय मात्र माप देताना आपल्या नेहमीच्या गिऱ्हाईक कुसुमताईंपेक्षा शांत उभी राहिली.

जेवत जा. काळजी माझ्याकडे ठेव, तू अभ्यास कर.

तुझी,
शामला आत्या


महू, १४ सप्टेंबर

ती. आत्यास सा. न.

तू गजब केलंस! मेसच्या टेबलावर झूल पसरली आणि मी ओरडलेच. सगळं उलटं आहे आत्या! पोटाचा मोठा कप्पा गायीच्या डाव्या अंगाला असतो, तू उजवीकडे शिवलास. यकृत उजवीकडे हवं, ते डावीकडे! मग निधीला बसवून सांगतच सुटले, की तो कप्पा यकृताला उजवीकडे कसं ढकलतो, वासराचं पोट वेगळं का असतं. वीस मिनिटं! निधी म्हणाली की यार, तू तर बोलतेस!

चूक कुठे झाली तेही कळलं. सवयीनं तू कापडाच्या उलट्या बाजूवर खुणा केल्यास ना? ब्लाउजला चालतं, दोन्ही अंगं सारखी. गाय तशी नसते.

झूल दुरुस्त करायला पाठवणार नाही. आणखी चुका पाठव. बरोबर गोष्ट समोर आली की मी वाचून गप्प बसते. चुकीची दिसली की राहवत नाही.

लोभाइतक्याच चुकाही भरपूर असाव्यात.

तुझी,
अश्लेषा


ग्वाल्हेर, १९ सप्टेंबर

चि. अश्लेषास अ. उ. आ.

वीस वर्षं कात्री चालवतेय, आणि असं व्हावं! कानापर्यंत लाल झाले. असो. बारा कार्डं पाठवतेय, प्रत्येकावर एक चूक. सोपं नाही गं हे काम! नीट चुकायचं तर आधी बरोबर काय ते वाचावं लागतं. कुसुमताई साडीला फॉल लावून घ्यायला आल्या, तेव्हा मी घोड्याच्या फासळ्या मोजत होते.

मोठ्यानं दुरुस्त कर. इकडून पाठीवर हात आहे.

शामला आत्या


महू, ६ ऑक्टोबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

झाले पास!

पण ऐक. सरांनी पहिला प्रश्न विचारला आणि पुन्हा तेच. सर थांबले, घड्याळाकडे पाहिलं. मग मी काय बोलले माहितेय? म्हटलं की सर, तुम्ही काहीतरी चुकीचं सांगा, मी दुरुस्त करते. बाजूच्या मॅडमनी पेनच खाली ठेवलं. सर हसले. म्हणाले, ठीक आहे, घोड्याचं पित्ताशय मोठं असतं. माझ्या तोंडून निघालं की छे, काहीतरीच काय, घोड्याला पित्ताशय नसतंच! तुझ्याशी बोलते तशी बोलले आत्या. मग थांबलेच नाही. शेवटी त्यांनी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की गायीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. मी क्षणभर विचार केला आणि म्हटलं, सर, हे बरोबर आहे. तिथेच ते म्हणाले, जा.

मंदाताईंनी फोन परत दिलाय. पण ही बातमी पत्रातूनच द्यायची होती. दिवाळीला येतेय.

तुझी,
अश्लेषा


ग्वाल्हेर, ११ ऑक्टोबर

चि. अश्लेषास अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मशीनवर बसून, सुईतून दोरा निघाला तरी कळलं नाही.

एक मनातलं सांगते. तू लहान असताना कुणी तुझं नाव विचारलं की मीच सांगायचे. कितवीत आहे, काय आवडतं, तेही मीच. तू माझ्यामागे उभी. मला वाटायचं, मी तुला सांभाळतेय. तुझं पहिलं पत्र आल्यापासून हेच घोळत होतं.

काल कुसुमताई आल्या. अश्लेषाची परीक्षा कशी गेली, पुढे ती मोठ्या जनावरांचं करणार की कुत्र्या-मांजरांचं, सगळं विचारू लागल्या. उत्तरं अगदी ओठांवर आली होती. मी म्हटलं, दिवाळीला येतेय ती. तिलाच विचारा.

तुझी,
शामला आत्या