लाल कांडीचे गणित

गुरुजी,

आपल्या हाताखाली चौथी पास होऊन पाचवीऐवजी मागावर बसलेला आपला विद्यार्थी लिहीत आहे. फळ्याच्या परिमितीचे उत्तर बरोबर आलेली पाटी आपण वर्गात उंच धरलीत आणि माझ्याकडे पाहून म्हणालात, "हा हुशार आहे." ते वाक्य मी घरात इतक्या वेळा सांगितले आहे की सुनेला ते पाठ आहे. म्हणूनच यंदा अंगणवाडीतल्या नोकरीसाठी बाहेरून दहावीला बसताना तिने गणिताचे पुस्तक माझ्यासमोर ठेवले. या खेपेला नापास झाली तर वयाच्या अटीमुळे ती नोकरी पुन्हा मिळणार नाही.

"आप्पा, चौकोनाच्या समोरासमोरच्या बाजू सारख्या हाईत. तरी त्यो आयत हाय का न्हाय, कसं ओळखायचं?"

मी क्षणात उत्तर दिले. मागाचा सांगाडा बसवताना आम्ही या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोन्हीकडून सुतळी धरतो. दोन्ही मापे सारखी भरली की काटकोन साधला. तिने पुस्तकाशी ताडून पाहिले आणि म्हणाली, "लई बरोबर हाय की!" त्या भरात मी पुढच्या उदाहरणाकडे वळलो. पिशवीत तीन लाल आणि पाच हिरवे चेंडू आहेत, न पाहता लाल निघण्याची संभाव्यता किती? पट्ट्यांच्या साडीत आडवे सूत नेणारा एक धोटा लाल, एक हिरवा, एकाआड एक चालतो. मी छातीठोकपणे सांगितले, "दोन रंग आहेत, म्हणजे निम्मी."

शिकवणीच्या सराव परीक्षेत तिने तेच लिहिले आणि त्यावर फुली आली. पेपर माझ्या नजरेस पडला तेव्हा ती एवढेच म्हणाली, "चुकलं माझं." त्या दिवशी मला जेवण गेले नाही. दुसऱ्या दुपारी वीज गेली, माग थांबले, तेव्हा मी तिला बोलावून म्हणालो, "ते उत्तर माझे होते. चूक तुझी नव्हे."

"ठाऊक हाय की, आप्पा. पर सरांनी इचारलं तवा काय सासऱ्याचं नाव सांगू व्हय?"

मग तिनेच पिशवीत धोट्यात घालायच्या सुताच्या तीन लाल आणि पाच हिरव्या कांड्या घातल्या आणि मला डोळे मिटायला लावले. मी लागोपाठ तीन लाल काढल्या. रंग चढलेले लाल सूत बोटांना किंचित राठ लागते; साठ वर्षांच्या बोटांना ते कसे विसरायला सांगू? "ही संभाव्यता न्हाय, लबाडी हाय!" ती हसत सुटली. शेवटी तिने शर्टाची आठ सारखी बटणे आणली, त्यांतल्या तीन बटणांना लाल दोरा बांधायला घेतला, मग तेही मला कळेल म्हणून शाईचे ठिपके दिले. आठांत तीन, हे त्या दुपारी माझ्या बोटांना पटले.

आज तिचा गणिताचा पेपर झाला. संभाव्यतेचे उदाहरण गोट्यांचे आले होते. "तीन छेद आठसारखंच हुतं, सोडवलं," म्हणत ती चहा ठेवायला गेली, आणि मी हे लिहायला बसलो. हा कागद टपालात न पडता बटणांच्या डबीत राहील.

गुरुजी, त्या दिवशी आपल्या टेबलावर दोन पाट्या होत्या. उंच धरलेली पाटी माझ्या शेजाऱ्याची होती. "ही कुणाची?" असे आपण विचारलेत, तेव्हा मी त्याच्या आधी हात वर केला.