उंबऱ्यावर ठोकलेला रुपया

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मला अजून तुमच्याशी भांडायचंय. जिवंतपणी तुम्ही भांडू दिलं नाही. मी आवाज चढवला की तुम्ही डोळ्याला भिंग लावून बसायचात.

तुम्ही चांदीचे कारागीर. सराफांच्या गुजरीमागच्या बोळात आपल्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत पैंजणं घडायची. पण तुमचा सगळा जीव जुन्या खोट्या रुपयांत. खोटा रुपया पदरात पडला की दुकानदार तो उंबऱ्यावर खिळ्यानं ठोकून टाकायचे, पुन्हा बाजारात फिरायला नको म्हणून. तुम्ही सायकलवर पार कुरुंदवाडापर्यंत जाऊन, गोड बोलून, खिळे उपसून ते रुपये आणायचात. मला तिसरीतनं काढून भाता हलवायला बसवलंत, म्हणून शाळेऐवजी मी हेच शिकले. हा मातीच्या साच्यात ओतलेला, कडेला जोड दिसतो, दगडावर टाकला की थप्प वाजतो. हा तांब्याचा, वरनं चांदीचं पाणी. आणि एक तुमचा लाडका, कुणीच न ठोकलेला राणीछाप. कुणीतरी पोलादाचा ठसा हातानं कोरून, तांब्यावर चांदीचा पत्रा चढवून उठवलेला. "खऱ्या राणीचा ओठ बारीक असतोय. हिचा खालचा ओठ बघ, जाड हाय. कोरणाऱ्यानं घरातलं माणूस बघून कोरलंया." इतक्या मायेनं तुम्ही आईकडं कधी बघितलं नाही.

माझ्या लग्नात तुम्ही राणीछाप रुपयांची माळ घातलीत. सासर गडहिंग्लजकडलं, शेतीवाडीचं. सासूनं महिन्याभरात माळ गावच्या सोनाराला दाखवली. त्यानं कानस मारली, तर एका रुपयाच्या कडेला तांबडं दिसलं. सासू अंगणातनंच ओरडत आली, "लबाडाची लेक आणली की गं आपण!" तिनं तो रुपया माळेतनं तोडला आणि घरच्या उंबऱ्यावर ठोकला. येईल त्याला दाखवायची, "बघा पावणं, ह्यो आमच्या व्याह्याचा आहेर."

दिवाळीला तुम्ही न्यायला आलात. मला वाटलं, आता अण्णा तोंड उघडतील, माझी लाज राखतील. तुम्ही उंबऱ्याशी उकिडवे बसलात, खिशातनं भिंग काढलंत आणि म्हणालात, "खिळा कडेला बसलाय. तोंड वाचलं, बरं झालं."

सासू पदर तोंडाला लावून हसली. राणीचं तोंड वाचलं, अण्णा. माझ्या तोंडाकडं बघितलंत का?

एसटीत मी विचारलं, "का घातलासा त्यो माळंत?" तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "त्यो तुझ्याजवळच पायजे हुता." हे काय उत्तर झालं? उन्हाळ्यात तुम्ही गेलात. मग मीही गावासारखंच धरून चालले की बापानं चांदी वाचवली. मुंडावळ्या बांधलेल्या पोरीला बापानं फसवलं. रोज पाण्याची घागर घेऊन त्या रुपयावरनं जायचं, आणि रोज तुम्हाला मनात शिव्या द्यायच्या.

आता सासूही नाही. गेल्या आठवड्यात नवी फरशी घालायला गवंडी आला. "वहिनी, ह्यो रुपाया काढू का ठेवू?" म्हटलं, सर बाजूला. पकड घेऊन मीच उपसला, उकिरड्यात फेकायला निघाले. लेकीनं हातातनं हिसकावला, राखेनं घासला आणि ओरडली, "आई, ही तर तुझ्यागत दिसती की! ओठ बघ!"

"गप बस. राणी हाय ती. म्हसरं राखत न्हाय."

पण तिच्या हातातनं घेऊन बघितला, तर तुमचा तोच लाडका, जाड ओठाचा. तुम्हाला एवढं दिसत होतं, तर तोंडानं सांगायला काय झालं होतं? सासूपुढं जमत नव्हतं तर एसटीत सांगायचं. "पोरी, ही तुझ्यासारखी दिसती." एवढंच. मी मान वर करून चालले असते. लबाड नव्हतात, ते बरंच झालं. पण मुके होतात, आणि त्याची शिक्षा मी भोगली. राग गेलेला नाही. जाणारही नाही.

हा कागद टाकायला तुमचा पत्ता नाही, म्हणून पिठाच्या डब्याखाली सारतेय. रुपया फेकला नाही. लेक म्हशीकडं गेली तेव्हा आरशापुढं उभी राहून तो गालाशी धरला. ओठ तसाच आहे.