नऊ दोषांचं घर

गोंदिया, ता. ४ मार्च १९३६

चि. सौ. रुक्मास,

इंदरलालचे अनेक आशीर्वाद. वि. वि. जावयाचं स्वतःचं घर झाल्याशिवाय गवना नाही, पोरगी नांदायला धाडणार नाही, अशी तुझ्या बाबांची अट ना? तं ऐक, घर सापडलं! गंजबाजारामागं, मुन्नालाल शेटजीचं. दोन खोल्या, अंगणात विहीर. आठशे मागतात. पण मी इंग्रजी शाळेत शिकलो कायले? ओव्हरसियरला नेऊन पुरा सर्व्हे करणार. संध्याकाळी तुमच्या दरेकश्याकडची गाडी येते, तं उगाच फलाटावर जाऊन उभा राहतो. कोणी उतरत नाही. माया ठेव.

तुझा इंदरलाल

गोंदिया, ता. १८ मार्च

चि. सौ. रुक्मास,

अ. आ. वि. वि. फत्ते! छपराचा भार ज्यावर त्या मयालीचं लाकूड उधईनं पोखरलं, मागची भिंत झुकली, वरचे कवेलू फुटके. एकूण नऊ दोष! रिपोर्ट टाईप करून शेटजीसमोर ठेवला. ते चिडून म्हणाले की बाबूजी मकान घेऊन राहिले का त्याचं श्राद्ध करून राहिले. मी हटलो नाही. सहाशेवर आले! बयाना दिला. रिपोर्टची मराठी नक्कल तुझ्या बाबांनाही धाडली. जावई किती हुशार ते कळू दे. आता दिवस जाता जात नाही.

तुझाच इंदरलाल

दरेकसा, ता. २४ मार्च

चि. जावईबापू इंदरलाल यांस,

गोवर्धनचे आशीर्वाद. वि. वि. कागद मास्तरकडून दोनदा वाचून घेतला. अशा घरात मी बैल बांधणार नाही, पोरगी कायले धाडू? पाऊसकाळात भिंत टिकली तं दिवाळीनंतर पाहू. हुशार आहात, शंका नाही. लोभ आहेच.

गोवर्धन

दरेकसा, ता. २ एप्रिल

ज्यांचं नाव लिहायचं नाही त्यांस,

साष्टांग नमस्कार. वि. वि. तुमचं रडकं कार्ड भेटलं. भाव पाडायचा कागद सासऱ्याले काऊन धाडला? शाळेत एवढंही शिकवत नाही का? शेवटी मीच बाबाले म्हटलं की आपल्याही मयालीत सुरी खुपसून पाहा. त्यांनी खुपसली. मूठभर भुसा डोक्यावर पडला. आई हसतच सुटली. बाबांनी भुसा झटकला. सांजेले म्हणाले की जाय बाई.

शुक्रवारच्या गाडीनं भाऊसंग येऊन राहिली. भिंतीले टेकू लावा, माती मी चढवीन.

घराचं लाकूडन्‌लाकूड पाहिलं तुम्ही, मले तं लग्नात घुंघटातच पाहिलं. फलाटावर पहिल्यांदा पाहाल. ओव्हरसियरले संग आणू नका.

माया असू द्या.

तुमची रुक्मा