पाच वाजून दहा मिनिटांचं व्होल्टेज

तीर्थरूप वहिनींना,

नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण गेला आठवडाभर दादाच्या कॉम्प्युटरच्या वायरी शोधत टेबलाखाली साष्टांगच पडलो होतो. कंबर धरली आहे, तेव्हा उभ्या उभ्या घालतो तो गोड मानून घ्या.) ताईंकडे तरी तुम्हाला झोप लागते का? गुडघा काय म्हणतो? बालवाडीतली चाळीस पोरं तुमच्याशिवाय कुणाचं डोकं खातात? इकडे आम्ही ठीक. तुमची जाऊ तुमच्यावर रागावली आहे, कारण तुम्ही ते खोकं आमच्या घरात पाठवलंत. आणि माझ्यावर जास्त रागावली आहे, कारण मी ते घेतलं.

‘भाऊजी, हे गेल्यापासून तो कॉम्प्युटर रोज संध्याकाळी उसासा टाकतो, तो पुसून कुणालातरी देऊन टाका, त्याशिवाय मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही,’ असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी हसलो होतो. त्याबद्दल आधी माफी मागतो. पण मी पडलो वजनमापे खात्यातला निरीक्षक. एकतीस वर्षं खोटे तराजू पकडण्यात गेली, आणि उसासा हे माप आमच्या नियमांत कुठेच नाही. त्यातून दादाचं ते निवृत्तीनंतरचं खूळ! लोक म्हातारपणी बागेत फिरतात, हा प्रोसेसर पळवत बसायचा. कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा, म्हणून त्याला जास्त व्होल्टेज पाजायचं, आणि तो तापून पंखे घरघरू लागले की कौतुकाने मान डोलवायची. (पोटच्या पोराचं कुणी एवढं करत नाही.)

तर पुसण्याआधी एकदा चालू करून बघितला. पडद्याच्या कोपऱ्यात व्होल्टेजचा आकडा दिसतो. दादाने तो १.३५ वर बांधून ठेवला होता आणि तो तसूभरही हलत नव्हता. मी वर्तमानपत्र वाचत बसलो. पाच वाजून दहा मिनिटांनी आकडा घसरला तो थेट ०.९० वर. पंखे हळूहळू मंदावत थांबले, आणि वहिनी, तो आवाज तुम्ही सांगितलात तसाच होता. दमलेला माणूस खुर्चीत बसताना करतो तसा. सात मिनिटं खोलीत काही म्हणजे काही आवाज नाही. मग पुन्हा १.३५, पुन्हा घरघर. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तुमची जाऊ शिवण उचलून स्वयंपाकघरात गेली ती अजून तिथेच शिवते आहे.

मला पहिला संशय आकड्याचा. पडदा खोटं बोलत असेल म्हणून दुरुस्तीवाल्या दाढीवाल्याने दाखवलेल्या जागी माझा मीटर लावला. मीटरही ०.९० म्हणाला. मग वायर बदलली, खोली बदलली, इमारतीचा पाण्याचा पंपसुद्धा पाच ते साडेपाच बंद करायला लावला. (दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर तेव्हा अंगाला साबण लावून उभे होते. त्यांनी बोलणं टाकलं आहे.) शेवटी दाढीवाला म्हणाला, आतला बटणासारखा सेल काढा, तीसपर्यंत मोजा, म्हणजे सगळं विसरेल. मी शंभरपर्यंत मोजलं. खरंच विसरला. दादाचा १.३५ गेला आणि कारखान्याचा १.२० आला. घड्याळसुद्धा विसरला, मी सकाळी सातला सेल परत बसवला, तर त्याच्या लेखी रात्रीचे बारा! मनात म्हटलं, राहू दे भ्रमात, आपल्याला आकड्याशी मतलब. आणि संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी आकडा पुन्हा ०.९०. मी सरळ उठून दार उघडून जिन्यात जाऊन उभा राहिलो. घाबरलो होतो, उगाच कशाला लपवू?

काल पुसायलाच बसलो होतो, तेव्हा डिस्कवर दादाने स्वतः लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम सापडला. (सेल काढला तरी डिस्कवरचं पुसत नाही.) आठच ओळी. पाच दहाला सगळं मंद करायचं, पाच सतराला पूर्ववत. आणि वर दादाची टीप: ‘ही घरी येते. सात मिनिटं गप्प.’

आठवलं ना वहिनी? बालवाडीतून आल्या आल्या सात मिनिटं कुणाचाही आवाज नको, ही तुमची लग्नापासूनची एकच अट. दादाला ती एक दिवस पाळता आली नाही. तुम्ही चप्पल काढायच्या आत त्याची बडबड सुरू. स्वतःचं तोंड आवरेना, म्हणून निदान यंत्राचं आवरलं! तुम्ही त्या वेळी जिना चढत असायचात, म्हणून पंखे थांबताना कधी ऐकलेच नाहीत. तो गेल्यावर रजा घेऊन घरात बसलात, तेव्हा पहिल्यांदा ऐकलंत. मी त्या आठ ओळींपुढे लहान पोरासारखा रडलो. तेव्हा आता घाबरू नका, घरी या. भुताटकी नव्हती, नवरा होता.

तुमचा (बडबडीत दादाच्या वरताण)
धाकटा दीर

ता. क. — काहीही पुसलेलं नाही. रविवारी कॉम्प्युटर तुमच्या घरी होता तिथेच आणून ठेवतो. नाही म्हणू नका.

आणखी एक. पाकीट चिकटवताना सुचलं, म्हणून फाडून पुन्हा लिहितो. तो प्रोग्रॅम कॉम्प्युटरचंच घड्याळ बघतो. ते घड्याळ मी दुरुस्त केलेलं नाही, आणि इंटरनेटची वायर मी जोडलेलीच नाही. आपल्या पाच दहाला त्याच्याकडे सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं होतात. सेल काढल्यापासून चार दिवस झाले, म्हणजे चार दिवस आपल्या पाच दहाला त्या आठ ओळी चाललेल्याच नाहीत. दाढीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, शक्य नाही. माझा मीटर म्हणतो, ०.९०. घड्याळ खोटं आहे, व्होल्टेज खरं आहे. एकतीस वर्षांच्या नोकरीची शपथ.

अगदी शेवटचं. आजही पाच दहाला सगळं गप्प झालं. कुणी दारातून येण्याची वाट बघावी तसं. आणि समोर बसलेला कोण, तर मी. वहिनी, मला फार ओशाळल्यासारखं झालं. रविवारी पाचच्या आत या. मी तिथेच असेन, पण सात मिनिटं अवाक्षर काढणार नाही.